नर्सला फार्माकॉलॉजी खरंच किती लागते? ‘पाच राइट्स’ पाळले की पुरे ना?

पुरे नाही. तू लिहिलंयस की दुसऱ्या वर्षाला आहेस, औषधांची नावं डोक्यात राहत नाहीत आणि सिनियर सांगतात, पाच राइट्स (पेशंट, औषध, डोस, वेळ आणि मार्ग बरोबर आहे ना हे तपासणं) पाळले की झालं, बाकीचं डॉक्टर बघतात. विद्यार्थिनी आहेस म्हणून ‘तू’ म्हणते. हे वाक्य मी फार ऐकलंय आणि त्याची किंमत एका पेशंटने मोजलेली पाहिलीय, म्हणून लिहायला बसले.

नोकरीचं दुसरं वर्ष, मेडिसिन वॉर्ड, संध्याकाळची ड्युटी. सात नंबरला स्ट्रोकचे एक आजोबा होते. पाणी गिळताना ठसका लागायला लागला म्हणून दुपारी त्यांना राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, टाकली. केस पेपरवर ‘तोंडाने’ खोडून ‘आरटी’, म्हणजे राइल्स ट्यूबमधून, असं लिहिलं गेलं, औषधं मात्र तीच राहिली. त्यात बीपीचं निफेडिपिन रिटार्ड २० मिलिग्रॅम होतं, दिवसातून दोनदा.

आठ वाजता मी सगळं शिकवल्याप्रमाणे केलं. मनगटावरचा बँड बघितला, नाव विचारलं, स्ट्रिप तीनदा वाचली, ट्यूब पोटात असल्याची खात्री केली. बीपी १७०/१०० होतं. गोळी खलात टाकली. वरचं गुलाबी आवरण टवक्या-टवक्यांनी निघालं आणि आत पिवळीधमक भुकटी. टवके पाण्यात मिसळेनात, म्हणून मी आणखी घोटली. ट्यूब चोंदू नये याचीच काळजी माझ्या डोक्यात होती. सिरिंजने दिली, वरून ३० मिली पाणी सोडलं, सही केली.

पाऊण तासाने त्यांची मुलगी धावत आली, “सिस्टर, बाबांना घाम फुटलाय.” बीपी ९०/५०, नाडी १२४. हाक मारली तर डोळे वळवायचे, ओ देईनात. डॉक्टर आले, पलंगाचा पायाकडचा भाग वर केला, सलाइन सुरू झालं. ड्युटी संपली तरी मी थांबले, रात्री दोनपर्यंत दर पंधरा मिनिटांनी बीपी घेत. सावरले ते. पण स्ट्रोकच्या पेशंटचं बीपी असं धाडकन पडणं म्हणजे मेंदूच्या ज्या भागाला आधीच रक्त कमी पोचतंय त्याचं उरलंसुरलंही काढून घेणं.

झालं काय होतं? रिटार्ड गोळी औषध हळूहळू, जवळजवळ बारा तास सोडत राहते. मी कुटली आणि सगळं एकदम सुटलं. रक्तवाहिन्या सैलावल्या, बीपी पडलं, भरपाईसाठी हृदय पळायला लागलं. पूर्वी बीपी झटपट उतरवायला निफेडिपिनची साधी कॅप्सूल जिभेखाली फोडून देत. त्याने स्ट्रोक आणि हार्ट ॲटॅक झाल्याचं दिसल्यावर १९९६ साली डॉक्टरांनीच ही पद्धत बंद करा असं जाहीर लिहिलं. मी त्या रात्री नकळत तसंच काहीतरी केलं होतं.

आता पाच राइट्स लावून बघ. पेशंट बरोबर, औषध बरोबर, डोस बरोबर, वेळ बरोबर, मार्गही ऑर्डरप्रमाणे. ऑर्डर आणि आपला हात जुळतोय ना, एवढंच ते बघतात. ऑर्डरच चुकली असेल तर ती चूक पेशंटपर्यंत अगदी बिनचूक पोचते.

आमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “गोळी पोटातच जाते ना? कुटून गेली काय नि अख्खी गेली काय! आणि ऑर्डर आरटीची होती, आपली चूक नाही. कुटून दिली हे कशाला लिहितेस?” मी नोट्समध्ये वेळेसकट लिहिलं होतं, ते खोडलं नाही. त्यावरून आमचं पुढे कितीतरी वर्षं वाजत राहिलं. त्यांचं म्हणणं, औषधाचं शास्त्र डॉक्टर आणि फार्मासिस्टचं, नर्सने ऑर्डर पाळायची. मी आजही सांगते, चूक होती. लिहिणाऱ्याची होती आणि माझीही होती. ‘रिटार्ड’ हा शब्द स्ट्रिपवर छापलेला होता, मी तो तीनदा वाचला आणि मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांना ॲम्लोडिपिन सुरू केलं. तीही बीपीची, त्याच गटातली गोळी, पण ती कुटून चालते. कारण निफेडिपिन रिटार्डमध्ये संथपणा गोळीच्या बनावटीत आहे, तर ॲम्लोडिपिनमध्ये तो औषधातच आहे, त्याची हाफ-लाइफच, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळच, ३० ते ५० तास. हाफ-लाइफ मी परीक्षेत व्याख्या म्हणून लिहिली होती. तिचा उपयोग त्या सकाळी कळला.

तर नावं पाठ करत बसू नकोस. प्रत्येक औषधाला तीन प्रश्न विचार: हे करतं काय, देण्याआधी मी काय बघू, दिल्यावर कशावर लक्ष ठेवू. हृदयाचं औषध डिगॉक्सिन घे. आधी स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, ६० च्या खाली असतील तर थांबून कळवायचं. सोबत लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू असेल तर पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा, कारण पोटॅशियम उतरलं की तोच डोस विषारी ठरू शकतो. गट धरून शिकलीस की नावं आपोआप बसतात. नावाच्या शेवटी ‘ओलॉल’ असेल तर नाडी बघ, ‘प्रिल’ असेल तर कोरडा खोकला आणि वाढणारं पोटॅशियम लक्षात ठेव.

आणि ट्यूब असेल तर एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एक्सएल, रिटार्ड (औषध हळूहळू सोडणाऱ्या गोळ्यांच्या नावापुढची अक्षरं) यातलं काहीही खलात टाकायचं नाही. मॉर्फिनची एसआर गोळी कुटली तर श्वास थांबू शकतो. ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल एंटरिक कोटेड असतं, म्हणजे त्याचं आवरण पोटात न विरघळता पुढे आतड्यात विरघळतं; ते कुटलं तर औषध पोटातल्या ॲसिडनेच नासतं. फिट्सचं फेनिटॉइन फीडसोबत (ट्यूबमधून देतात त्या पातळ अन्नासोबत) दिलं तर नीट शोषलं जात नाही, फिट्स पुन्हा येऊ शकतात.

एक मात्र आहे. आवरण असलेली प्रत्येक गोळी अशी नसते, काहींचं आवरण नुसतं कडू चव झाकायला असतं. त्यामुळे शंका आली म्हणून स्वतःच डोस गाळून मोकळी होऊ नकोस, फिट्सची गोळी चुकली तर तोही घातच. फार्मासिस्टला विचार, सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का बघ. आणि आमच्या इन्चार्ज वाईट नव्हत्या, त्या रात्री सलाइनची व्हेन त्यांनीच एका झटक्यात लावली. औषधाच्या बाबतीत मात्र त्या चुकत होत्या.

डॉक्टरांना फोन करायला बिचकू नकोस. “सर, सात नंबरला आरटी टाकलीय, निफेडिपिन रिटार्ड कुटून देता येत नाही, दुसरं काही लिहून द्या.” आणि ते “द्या तसंच” म्हणाले, तर ते केस पेपरवर लिहून सही मिळेपर्यंत गोळी ट्रॉलीवरच राहू दे, आणि सही मिळाली तरी कुटू नकोस, फार्मासिस्टला आणखी एक फोन कर.