‘मंत्रमुग्ध’ लिहिण्यापूर्वी

गायनाच्या बैठकीवरील आपल्या पहिल्या टिपणात ‘मंत्रमुग्ध’ हा शब्द चार वेळा आला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे. ‘मुग्ध’ हे संस्कृतातील ‘मुह्’ या धातूचे रूप असून भान हरपणे, गोंधळून जाणे हा त्या धातूचा अर्थ आहे. ‘मोह’, ‘मोहिनी’ आणि ‘मूढ’ हे शब्दही त्याच कुळातले आहेत. त्यामुळे मंत्रमुग्ध झालेला श्रोता केवळ खूश झालेला नसतो, तर स्वतःवरचा ताबा सुटून जागच्या जागी खिळलेला असतो. स्वादिष्ट जेवणासाठी हा शब्द मी तरी कधीच वापरणार नाही.

नुसता ‘मुग्ध’ मात्र वेगळ्या वाटेने गेला आहे. काव्यशास्त्रातील ‘मुग्धा’ ही प्रेमात नवखी, निरागस नायिका, तर जुन्या मराठी गद्यात ‘मुग्ध राहणे’ म्हणजे मौन पाळणे. हा शेवटचा अर्थ मला फार आवडतो आणि तो वापरातून जाऊ नये असे मनापासून वाटते.

‘भारणे’ हा अस्सल मराठी पर्याय आहे. मंत्र घालून अंगारा किंवा ताईत भारतात, त्यावरूनच ‘भारलेले वातावरण’ आले. ‘भारावणे’ याच्याशी त्याची गल्लत करू नये, कारण सत्काराने माणूस भारावतो, भारला जात नाही. ‘भुरळ’ घालतात किंवा पडते, आणि तिच्यात फसगतीची किंचित छटा असते.