वाऱ्याची वीज स्वस्त असूनही ती वीजबाजारात मोठ्या प्रमाणावर सामावून घेणे अवघड का जाते?

वारा लहरी असतो हेच याचे कारण असावे, असे सहज वाटते. ते कारण आहेच, परंतु माझ्या मते त्याहून अधिक अडचण बाजाराच्या वेळापत्रकाची आहे.

युरोपातील बहुतेक देशांत दुसऱ्या दिवशीच्या विजेच्या बोली आदल्या दिवशी दुपारी 12 वाजता बंद होतात. म्हणजे 12 ते 36 तासांनंतर वाहणारा वारा आजच विकावा लागतो. पवनचक्कीची निर्मिती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, सेकंदाला 8 मीटरचा अंदाज असताना 10 मीटरचा वारा आला, तर वीज जवळजवळ दुप्पट तयार होते. वादळात उलटे घडते: वेग साधारण 25 मीटरच्या पुढे गेला की ऐन भरात असलेल्या चक्क्या सुरक्षेसाठी थांबतात. ही तफावत शेवटच्या क्षणी राखीव केंद्रांकडून भरून काढणे महाग पडते, म्हणून पुरवठ्याच्या जेमतेम काही काळ आधीपर्यंत सौदे करू देणारा त्याच दिवशीचा बाजार फार मोलाचा ठरतो.

दुसरा पेच दराचा. वाऱ्याला इंधन लागत नसल्याने पवनचक्कीची बोली शून्याच्या आसपास असते. जोराचा वारा आणि कमी मागणी एकत्र आली की दर शून्याखालीही उतरतो. जर्मनीच्या बाजारात 2008 पासून तशी मुभा आहे. विकणाऱ्यानेच वर पैसे द्यावेत हे विचित्र वाटेल, पण ज्याला प्रत्येक युनिटमागे अनुदान मिळते त्याला, भुर्दंड अनुदानापेक्षा कमी आहे तोवर, चक्की चालू ठेवणेच परवडते. खरी गोम पुढेच आहे: एका प्रदेशात वारा सगळ्यांकडे एकाच वेळी वाहतो, त्यामुळे चक्क्या जितक्या वाढतात तितका त्यांच्या पदरात पडणारा दर बाजाराच्या सरासरीखाली घसरत जातो.

डेन्मार्क निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळवतो, ते बऱ्याच अंशी शेजाऱ्यांच्या जिवावर. जादा वीज समुद्राखालच्या केबलींतून नॉर्वेला जाते, तिथली जलविद्युत केंद्रे तेवढे पाणी धरणात राखतात आणि वारा पडला की सोडतात. जर्मनीत वारा उत्तरेला, मोठे कारखाने दक्षिणेला आणि मधल्या पारेषण वाहिन्या अपुऱ्या. बाजारातला दर मात्र देशभर एकच, त्यामुळे कागदावर झालेला सौदा तारांना पेलत नाही. मग उत्तरेतल्या चक्क्या थांबवून दक्षिणेतली केंद्रे चालवावी लागतात आणि तो खर्च ग्राहकांच्या बिलात उतरतो. बॅटऱ्या यात काही तासांची तूट भागवतात. आठवडाभर वारा पडला, तर त्या पुरत नाहीत.