आर्किटेक्चर घ्यायचं का? आधी खोली मोजून बघ

नुसती चित्रकला चांगली आहे म्हणून बी.आर्क. (आर्किटेक्चरची पदवी) ठरवू नकोस, बहुतेक जण इथेच चुकतात. ५ वर्षांत स्ट्रक्चर्सही (इमारत भार कसा पेलते ते) शिकावं लागतं, आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडताना, मेहनतीने केलेलं डिझाइन खोडलं की पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

म्हणून आधी ५ मीटरचा टेप घे, स्वतःची खोली मोज आणि १:५० स्केलवर काढ. ३ मीटरची भिंत कागदावर ६ सेंटिमीटर येते. नवखे भिंतीची जाडी विसरतात. ९ इंची भिंत इथे साडेचार मिलिमीटरच्या आसपास भरते. ती धरली नाही की शेजारची खोली जुळतच नाही. मग मे महिन्यात संध्याकाळी ५ वाजता आपल्या नागपूरच्या उन्हात तापलेल्या पश्चिमेच्या भिंतीला हात लाव, नंतर पूर्वेच्या. हा फरक कमी कसा करायचा, या विचाराने झोप उडाली, तर बिनधास्त ये. खूप मजा आहे यात.

बाकी थोडक्यात:
- व्हीएनआयटीसाठी (नागपूरची एनआयटी) जेईई मेनचा पेपर २ए, म्हणजे बी.आर्क.चा पेपर, लागतो. फक्त नाटा (आर्किटेक्चरची वेगळी प्रवेश परीक्षा) देऊन तिथे प्रवेश मिळत नाही.
- कॉलेजला काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरची मान्यता हवीच. १९७२ च्या कायद्यानुसार या काउन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही.
- फीसोबत लॅपटॉप, प्रिंट, माउंटबोर्डचा (मॉडेलसाठीचा जाड पुठ्ठा) खर्चही धर. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे घरी आत्ताच सांग.

सॉफ्टवेअरच्या क्लासला इतक्यात पैसे घालू नकोस.