संगणक-शंका : उपाय विंडोजचा, संगणक लिनक्सचा

प्रश्न : मिरजेत आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. जुन्या संगणकावर लिनक्स मिंट टाकलं. एचपी लेझरजेट १०२० वर दिलेली प्रिंट रांगेतच अडकते. उपाय शोधले तर सगळीकडे ‘डिव्हाइस मॅनेजर उघडा’, ‘प्रिंट स्पूलर रिस्टार्ट करा’. आमच्याकडे यातलं काहीच दिसत नाही.

उत्तर : ते उपाय विंडोजचे आहेत, आणि तसं वर लिहायला हवं होतं. संगणक म्हणजे विंडोजच असं धरून लिहिणं हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे. तुम्ही पायरी सोडा, तिच्यामागचा हेतू धरा.

डिव्हाइस मॅनेजर उघडायचा तो प्रिंटर संगणकाला दिसतो का हे पाहायला. मिंटमध्ये त्यासाठी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसयूएसबी’ टाइप करा (आज्ञा आणि पत्ते इंग्रजी लहान लिपीत). यादीत प्रिंटर नसेल तर आधी केबल किंवा पोर्ट बदला.

प्रिंटची रांग सांभाळायचं स्पूलरचं काम लिनक्सवर कप्स नावाचं सॉफ्टवेअर करतं. ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ उघडून प्रिंटर्समध्ये आपला प्रिंटर निवडा. ‘पॉझ्ड’ असेल तर मेंटेनन्समधून ‘रिझ्युम प्रिंटर’ द्या, पासवर्ड विचारेल. केबल निघाल्यासारख्या अडचणीनंतर कप्स रांग थांबवू शकतं आणि ही स्थिती संगणक रिस्टार्ट केल्यावरही टिकते. त्यामुळे नुसतं बंद-चालू करून भागत नाही.

तुमच्या मॉडेलची खरी मेख मात्र वेगळी आहे. १०२० चं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, प्रिंटरमध्ये कायम राहत नाही. वीज गेली की पुसलं जातं आणि संगणकाने ते पुन्हा पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर हे आपोआप करतो, म्हणून तिकडच्या माहितीत याचा उल्लेखच सापडत नाही. लिनक्सवर एचपीलिप या एचपीच्या प्रिंटर-सॉफ्टवेअरसोबत वेगळं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लागतं. इंटरनेट जोडून टर्मिनलवर ‘एचपी-प्लगइन’ चालवा, मग प्रिंटर बंद करून चालू करा. एचपीलिप अपडेट झालं की प्लगइनही त्याच आवृत्तीचं पुन्हा घ्यावं लागतं. अपडेटनंतर प्रिंट बंद पडली तर पहिला संशय यावर घ्या.

प्रश्न : कोरेगावच्या आमच्या शाळेत काही संगणक विंडोज १० चे, काही उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचे आहेत. अडचणींसाठी एकच सूचनापत्रक चालेल का?

उत्तर : चालेल, पण प्रत्येक सूचनेत आधी हेतू लिहा आणि खाली दोन्हींच्या पायऱ्या. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा संगणकाचा क्रमांक) पाहायला विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’, उबुंटूवर ‘आयपी ए’. ‘पिंग’ (दुसरा संगणक उत्तर देतो का हे तपासणं) दोन्हीकडे आहे. विंडोजवर ते ४ वेळा होऊन थांबतं, उबुंटूवर कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतं, हे न लिहिल्यास मुलं संगणक अडकला समजतात. ‘बंद करून चालू करा’ असं लिहू नका. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये प्रणालीची स्थिती जपून ठेवली जाते आणि बिघाडही तसाच राहू शकतो. दोन्हींसाठी ‘रिस्टार्ट’ हाच शब्द छापा.