कमी पैशात परसातले पक्षी टिपायचे आहेत. जुना, वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घ्यावा, की थांबून मिररलेस (बिनआरशाचा) घ्यावा?

जुना घ्या. थांबू बिंबू नका.

माझ्याकडे कॅनन १०००डी आहे. २००८ चं मॉडेल, १० मेगापिक्सेल, आयएसओ, म्हणजे कमी उजेड टिपायची ताकद, १६०० च्या पुढं जातच नाही. त्यावर ५५-२५० मिलिमीटरची आयएस (हाताची थरथर सावरणारी) लेन्स. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं परस ते केवढं! जास्वंद, शेवगा, धुण्याचा दगड, संपलं. तरी बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट सगळे येऊन जातात.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला धाकटे दीर पुण्याहून आले, गळ्यात १५०-६०० ची, लांबचं टिपणारी लेन्स. माझा कॅमेरा उचलून म्हणाले, "वहिनी, हा आता पोरांना खेळायला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी जास्वंदीवर जांभळा शिंजीर आला. जास्वंद स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटूनच आहे, पक्षी जेमतेम दीड मीटरवर. दिरांची लेन्स नुसती घरघरतेय. तिला फोकस धरायला किमान २.८ मीटर अंतर लागतं, माझ्या लेन्सला १.१. भाऊजी मागं सरकत सरकत ओट्याला टेकले, त्यामागं भिंत. मी त्यांच्या कोपराखालून, गजांमधून फोटो काढला. चोचीवरचे पराग मोजून घ्या! जेवताना त्यांनी सगळ्यांना काय सांगितलं, तर म्हणे उजेड नव्हता. त्याच उजेडात मला १/५०० सेकंदाचं शटर मिळालं होतं, अंधारात एवढं वेगवान मिळत नाही.

बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. इथं राहून मी जुन्या कॅमेऱ्याची लाज का बाळगू?

निकॉन घेणार असाल तर डी३१००, डी३२०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे एएफ-एस (स्वतःची मोटर असलेली) लिहिलेलीच लेन्स बघा. डी९० मध्ये मोटर आहे. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी तपासा, आपल्याकडच्या पावसात ती हमखास धरते.

हो, पावसाळी अंधारात आयएसओ १६०० तोकडा पडतो, तेव्हा उडता पक्षी विसरा. आणि घरटं दिसलं तर लांब राहा, फोटो गेला तरी चालेल. रंकाळ्याच्या मध्यावरची बदकं २५० मध्ये ठिपक्याएवढी येतात, तिथं भाऊजींचंच खरं. पण तुम्ही परसातलं विचारलंय.