शेण, सुया आणि कोयते : वाचकांचे प्रश्न

रोजच्या वापरातील वस्तूंपासून आणि रंगांच्या दुकानात न मिळणाऱ्या साहित्यापासून घडणाऱ्या आजच्या कलेविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मुलीने मला मुंबईतील एका कलादालनात नेले. तेथे स्टीलचे डबे, पेले आणि पातेली एकमेकांना जोडून मोठी आकृती उभी केली होती. माझ्या समजुतीप्रमाणे शिल्पकाराचा हात साधनेने तयार होतो. भांडी कारखान्यात झाली, जोडकाम वेल्डरने केले. मग कलावंताने नेमके काय केले?
– निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : आपला प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कमधील एका प्रदर्शनासाठी मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच कलावंताने दुकानात मिळणारे चिनी मातीचे मूत्रपात्र ‘आर. मट’ अशी खोटी सही करून ‘फाउंटन’ या नावाने पाठवले. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडण्याचे आयोजकांनी कबूल केले होते, तरी ही वस्तू काही मांडली गेली नाही. मूळ वस्तू पुढे हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या द्यूशाँच्या संमतीने नंतर करवून घेतलेल्या प्रतिकृती आहेत. हाताने घडवण्याइतकेच निवडण्यालाही कलेत स्थान असू शकते, हे या प्रकरणाने पुढे आणले. परंतु कोणती निवड चांगली आणि कोणती पोकळ, हे द्यूशाँ सांगत नाही, आणि आपली खरी अडचण तीच आहे.

अशा कृतीपुढे उभे राहिल्यावर मी मनातल्या मनात तिचे साहित्य बदलून पाहतो. सुबोध गुप्ता हे पाटण्याजवळच्या खगौल येथे जन्मलेले कलावंत गेली अनेक वर्षे स्टीलची भांडी वापरतात, आणि २००६ मध्ये त्यांनी भांड्यांचीच एक प्रचंड कवटी उभी केली. तीच कवटी प्लास्टरमध्ये केली असती तर ती मृत्यूचे एक ढोबळ चिन्ह होऊन राहिली असती. भांड्यांमुळे मात्र आपल्याला फडताळावर चढत्या क्रमाने मांडलेले डबे आठवतात, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि काठावर देणाऱ्याचे नाव कोरलेली ताटे आठवतात. भरल्या घराची ही खूण रिकामी असते तेव्हा तीच उपासमारीची खूण होते, आणि हे सगळे त्या कवटीच्या डोळ्यांच्या खोबणीत येऊन बसते. साहित्य बदलताच अर्थ नाहीसा होत असेल, तर निवड खरी आहे असे मी मानतो. वेल्डरचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. मूर्तीच्या ओतकामातही ओतारी असतोच.

हाताच्या साधनेविषयी आपण लिहिले आहे, म्हणून शीला गौडा यांचे उदाहरण देतो. कर्नाटकातील भद्रावती येथे १९५७ मध्ये जन्मलेल्या या कलावती मुळात चित्रकार. १९९०च्या दशकात त्यांनी शेण हे माध्यम म्हणून हाती घेतले. त्यांच्या १९९८ मधील एका कृतीत सुयांच्या नेढ्यांतून शेकडो फूट दोरा ओढून घेतलेला आहे, आणि असे अनेक दोरे कुंकवाने लाल रंगवून, गोंदाने एकत्र करून त्यांचे जाड दोर केलेले आहेत. हे दोर भिंतीवरून जमिनीवर वेटोळे घेत उतरतात, आणि त्यांच्या टोकांना त्या सगळ्या सुया झुपक्याने लोंबत राहतात. लांबून पाहणाऱ्याला आतड्यांचा भास होतो. जवळ गेल्यावर सुई, दोरा आणि कुंकू ही घरातली अगदी नेमस्त साधने ओळखू येतात, आणि बाईच्या न मोजल्या गेलेल्या श्रमांविषयी वेगळे भाष्य लिहिण्याची गरज उरत नाही. इतकी चिकाटी कोणत्याही पारंपरिक शिल्पकाराच्या साधनेपेक्षा कमी म्हणता येणार नाही.

याचा अर्थ कलादालनात मांडलेला प्रत्येक ढीग असा असतो असे नाही. बरेचसे ढीग केवळ ढीग असतात, आणि त्यांच्यापुढून सरळ निघून जाण्याचा अधिकार तिकीट काढणाऱ्याला आहे.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावातील निम्मी घरे ऊसतोडीला जातात; माझे आईवडीलही जात होते. बाजारातून शंभर नवे कोयते आणून, त्यांना सोनेरी रंग देऊन, छतापासून उसाच्या आकारात टांगावेत असा विचार आहे. सर म्हणतात, “हे टाकाऊतून टिकाऊ झाले.” आपले मत कळवावे.
– विद्यार्थी, केज, जि. बीड

उत्तर : सरांचा शेरा येथे लागू पडत नाही, कारण आपण टाकाऊ असे काही वापरतच नाही आहात, आणि माझ्या मते अडचण नेमकी तेथेच आहे. टाकाऊतून टिकाऊ करताना वस्तूचे पूर्वीचे आयुष्य लपवायचे असते, म्हणजे बाटलीची फुलदाणी झाली की ती बाटली होती हे विसरले जावे, अशी अपेक्षा असते. आपण ज्या कलेकडे निघाला आहात तिला ते पूर्वायुष्यच हवे असते. एल अनात्सुई हे १९४४ मध्ये घानामध्ये जन्मलेले आणि नायजेरियात काम केलेले शिल्पकार दारूच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे चेपून, तांब्याच्या तारेने एकमेकांना बांधून भिंतभर पडदे करतात. ते पडदे दुरून जरीच्या वस्त्रासारखे झळाळतात. परंतु युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणलेली दारू आणि गुलामांचा व्यापार यांचे नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या झळाळीमागची झाकणे विसरता येत नाहीत.

आता आपला कोयता घ्या. नव्या कोयत्याला पूर्वायुष्य नसते. दोनतीन हंगाम चाललेल्या कोयत्याचे पाते घासून घासून अरुंद झालेले असते, मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असते, आणि ती गुंडाळी ज्याच्या त्याच्या पंजाप्रमाणे दबलेली असते. दोन कोयते एकमेकांशेजारी ठेवले तर कोणता बाईचा आणि कोणता पुरुषाचा, हे आपल्या आईला सांगता येईल. सोनेरी रंगाचा एक हात दिलात की ही सारी अक्षरे पुसली जातात, आणि श्रमाला सोन्याचे मोल आहे असे एक भाषणात शोभणारे वाक्य तेवढे उरते. तेव्हा रंग देऊ नये, आणि शंभराचा हट्ट धरू नये. मुकादमाकडून उचल घेताना नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता धरली जाते, हे आपण लहानपणापासून ऐकले असेल. मांडणीची संख्या आणि रचना त्या हिशेबातून येऊ द्या, उसाच्या आकारातून नव्हे. उसाचा आकार पाहणाऱ्याला चटकन कळतो, आणि म्हणूनच त्याचे पाहणेही चटकन संपते.

चंद्रपूर जिल्ह्यातील खाणकामगारांच्या कुटुंबातून आलेले प्रभाकर पाचपुते आपण पाहिले नसतील तर अवश्य पाहावेत. त्यांनी मोठमोठ्या भिंतींवर कोळशाने चित्रे काढली. ज्या वस्तूने घर पोसले आणि जमीन गिळली, त्याच वस्तूने त्या घराचे व जमिनीचे चित्र काढायचे, ही निवड इतकी सरळ आहे की तिला स्पष्टीकरण लागत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगतो. कोयते मागायचे ते हंगाम संपवून टोळ्या परतल्यावर मागावेत; दसऱ्या-दिवाळीनंतर निघण्याच्या तोंडावर कोणी आपले हत्यार देणार नाही, आणि देऊही नये. फुकट घेऊ नका. जुन्याच्या बदल्यात नवा कोयता घेऊन द्या, म्हणजे आपण ठरवलेला नव्या कोयत्यांचा खर्चही सत्कारणी लागेल. पाती धारेची असल्याने डोक्यावर टांगण्याऐवजी भिंतीवर किंवा जमिनीवर मांडणी करणे सुरक्षित आहे. पहिली मांडणी महाविद्यालयात करण्याआधी गावातील शाळेच्या वऱ्हांड्यात करावी. ज्यांचे कोयते आहेत ते लोक काय बोलतात, हे परीक्षकांच्या शेऱ्यापेक्षा आपल्याला अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर मुलांकडून शेणमाती आणि पऱ्हाट्या वापरून भित्तिशिल्प करून घेतले. महिनाभरात भेगा पडून काही भाग गळून पडला आणि पऱ्हाट्यांतून पिवळी भुकटी पडू लागली. अशी कला टिकतच नाही का?
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, जालना जिल्हा

उत्तर : आपण शेतातील काळी माती वापरली असावी, असा माझा अंदाज आहे. कापसाची काळी माती पाण्याने फुगते आणि वाळताना सर्वांत जास्त आकसते. उन्हाळ्यात रानात पडणाऱ्या भेगाच भिंतीवर उमटतात. आपल्याकडे जुन्या लोकांनी माळवदावर आणि भिंतींना पांढरी माती वापरली, ती याच अनुभवाने. पांढऱ्या मातीत शेण, गव्हाचा भुसा किंवा बारीक तूस कालवून दोन दिवस मुरू द्यावे, भिंत ओली करून घ्यावी आणि एकाच वेळी जाड थर न देता पातळ थर एकावर एक द्यावेत. माती आकसते तेव्हा तिला धरून ठेवण्याचे काम भुशातील तंतू करतात.

या बाबतीत आपण फार जुन्या कारागिरांच्या शेजारी राहतो. अजिंठ्याची चित्रे सरळ दगडावर काढलेली नसून माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर, वर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली आहेत. वेरूळच्या गिलाव्याचा अभ्यास करून पुरातत्त्व खात्यातील एक रसायनतज्ज्ञ आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे एक अभ्यासक यांनी २०१६ मध्ये असे दाखवून दिले की, तेथील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते आढळत नाहीत, आणि अजिंठ्यात किडीने केलेले नुकसान वेरूळपेक्षा बरेच जास्त आहे. भांगेमुळे वेरूळचा गिलावा किडीपासून वाचला असावा, असे त्यांचे म्हणणे आहे. (शाळेत भांग मिसळण्याची सूचना मी अर्थातच करत नाही.)

पिवळी भुकटी हे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम आहे. पऱ्हाट्या कडक उन्हात वाळवून, टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून पुन्हा वाळवाव्यात. हे काम मुलांकडून न करवता मोठ्यांनी हातमोजे घालून करावे. त्याआधी वाळकी बोंडे काढून जाळून टाकावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांत दडून राहते आणि शाळेशेजारी कापूस असेल तर शेतकऱ्यांची तक्रार रास्त ठरेल.

टिकण्याविषयी म्हणाल, तर पैसेवाल्यांच्या कलेचेही तसे काही खरे नाही. डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने १९९१ मध्ये फॉर्मल्डिहाइडमध्ये बुडवून ठेवलेला शार्क मासा कुजत गेला आणि २००६ मध्ये त्या जागी दुसरा मासा बसवावा लागला. आपल्या भिंतीला मात्र दर दिवाळीला मुलांच्या हातून सारवण मिळू शकते.

प्रश्न : मी जुन्या साड्यांच्या वाकळी शिवते. भाची म्हणते ही कलाच आहे, मुंबईच्या प्रदर्शनाला पाठव. पाठवावी का?
– गृहिणी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : ताई, पाठवण्यास हरकत नाही, मात्र प्रदर्शनासाठी म्हणून वेगळी वाकळ शिवू नये. अमेरिकेत अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी शेतातल्या कामाचे जुने कपडे जोडून शिवलेली पांघरुणे २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्क येथील मोठ्या संग्रहालयांच्या भिंतींवर लागली, आणि आधुनिक चित्रांच्या तोडीची म्हणून गाजली. ती पांघरुणे थंडीसाठी शिवलेली होती, भिंतीसाठी नव्हे. तुकडे कसे जुळवायचे हे गरजेने आणि नजरेने ठरले, म्हणून त्यांच्यात तो जोम आला.

पाठवण्याआधी आयोजकांकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : वाकळीखाली “मराठवाड्यातील ग्रामीण स्त्रियांची कला” असे न लिहिता आपले नाव लिहिले जाईल, विक्री झाल्यास आपल्याला किती मिळेल, आणि न विकल्यास परत कोणाच्या खर्चाने येईल. वाकळीला खिळे ठोकू देऊ नयेत; वरच्या काठाला मागून कापडी नेफा शिवून त्यातून काठी ओवावी, म्हणजे वजन सगळीकडे सारखे पडते.

प्रश्न : भिंतीला चिकटपट्टीने चिकटवलेले एक केळे ६२ लाख डॉलरला विकले गेल्याचे वाचले. आमच्याकडे भाव पडला की घड तोडणेही परवडत नाही. हे काय गौडबंगाल आहे?
– केळी उत्पादक, अर्धापूर, जि. नांदेड

उत्तर : इटलीचे मॉरिझिओ कातेलान यांनी २०१९ मध्ये मायामीच्या कलाबाजारात ही कृती प्रथम मांडली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या एका प्रतीला न्यूयॉर्कच्या लिलावात आपण म्हणता ती किंमत आली. घेणाऱ्याने केळे विकत घेतलेले नाही; त्याला एक प्रमाणपत्र मिळाले आणि केळे कसे चिकटवावे याच्या सूचना मिळाल्या. केळे सडले की दुसरे आणायचे असते. घेणाऱ्याने तर ते पत्रकारांपुढे खाऊनही टाकले. साहित्य बदलून पाहण्याची जी कसोटी मी वर सांगितली, तिच्यावर ही कृती निम्मीच उतरते : केळे काळे पडते, सडते, हास्यास्पद दिसते, म्हणून ते हवे, पण एवढ्याने ६२ लाखांचा उलगडा होत नाही, तो कलेपेक्षा लिलावाच्या व्यवहारात शोधावा लागतो. लिलावाच्या दिवशीचे केळे रस्त्यावरील एका फळविक्रेत्याकडून ३५ सेंटला आणले होते. त्यातले बागायतदाराच्या हाती किती पडले असतील, हा हिशेब आपण माझ्यापेक्षा चांगला मांडाल.