दुकानात साडीशी जुळलेला ब्लाउजपीस दिवसाच्या उजेडात वेगळा का दिसतो?

मॅचिंग सेंटरमध्ये आमसुली साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी अंगणात तपकिरी दिसू लागला, तर यात दोष डोळ्यांचा, कापडाचा की दिव्याचा, असे आपण विचारले आहे. कापड रंगवण्याच्या कारखान्यात शेड जुळवण्याचे काम मी केले आहे आणि त्या आधारावर सांगतो की, यात तिघांचाही वाटा आहे. मात्र दिव्याचा दोष लोक बहुधा भलत्याच ठिकाणी शोधतात.

दिवा पिवळा आहे की पांढरा, हा मुख्य प्रश्न नाही. जुन्या तारेच्या बल्बचा उजेड चांगलाच पिवळा असे, तरीही त्याखाली पांढरा सदरा पांढराच वाटे, कारण आपली दृष्टी थोड्या वेळात त्या उजेडाला सरावते आणि त्याची छटा बरीचशी वजा करून टाकते.

खरी मेख वेगळीच आहे. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीनच प्रकारच्या असल्यामुळे, कापडावरून परतलेल्या प्रकाशात कितीही तरंगलांबी असल्या तरी डोळ्याला त्यांतून तीनच प्रतिसाद मिळतात. दोन कापडांचे हे प्रतिसाद एखाद्या दिव्याखाली सारखे आले की आपल्याला एकच रंग दिसतो, मग त्या कापडांची परावर्तनाची रीत कितीही भिन्न असो. उजेड बदलला की ही बरोबरी मोडते. आमच्या धंद्यात याला मेटामेरिझम म्हणतात. साडी रेशमी आणि ब्लाउजपीस सुती किंवा पॉलिएस्टरचा असेल तर धोका अधिक, कारण या धाग्यांना वेगवेगळ्या जातीचे रंग लागतात आणि एकच छटा निरनिराळ्या मिश्रणांतून साधावी लागते.

आता दिव्याकडे येऊ. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीमध्ये सुमारे ४५० नॅनोमीटरची निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्यात बदलणाऱ्या पदार्थाचा, थर असतो. त्यामुळे ४८० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाशात खळगा पडतो आणि स्वस्त दिव्यांत गडद लाल भाग तोकडा राहतो. आमसुली, डाळिंबी, राणी या रंगांची पंचाईत होते ती इथेच. खोक्यावरचा ‘६५०० केल्विन’ हा आकडा फक्त उजेडाची छटा सांगतो, त्यात कोणत्या तरंगलांबी किती आहेत हे सांगत नाही, म्हणून ‘डेलाइट’ नावाचा दिवा दिवसाच्या उजेडासारखा वागेलच असे नाही. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा सीआरआय हा निर्देशांक अधिक उपयोगी असला तरी त्याची नेहमीची सरासरी आठ फिकट रंगांवरून काढली जाते आणि ठसठशीत लाल, म्हणजे आर९, तिच्यात धरलेला नसतो. ८० सीआरआयचा दिवा लाल रंगाबाबत सपशेल नापास होऊ शकतो.

कारखान्यात यासाठी लाइट बॉक्स, म्हणजे ठरावीक प्रमाणित उजेड देणारी पेटी, वापरतात. त्यातल्या उजेडांची नावे अशी: दिवसाच्या उजेडासाठी डी६५, दुकानातील ट्यूबसाठी टीएल८४ आणि तारेच्या बल्बसाठी ए. तिन्हींखाली जुळले तरच शेड पास होते. आपल्याला एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. दोन्ही कापडे दुकानाबाहेर सावलीत, थेट उन्हात नव्हे, शेजारी धरून पाहा आणि मग आत दिव्याखाली पुन्हा ताडून पाहा. दोन्हीकडे जुळली तर निर्धास्तपणे घ्या. साडी केवळ रात्रीच्या स्वागत समारंभासाठी असेल, तर अंगणातला फरक मी तरी मनावर घेणार नाही.